बा पलीकडे आहे

दाभोसा
मंगळवार, २३ सप्टेंबर, सकाळ

दादा,

बा नदीपलीकडे अडकला आहे. त्याचा पाय मोडलाय. हे पत्र फाडायचं असेल तर फाड, पण आधी शेवटपर्यंत वाच.

वीज गेल्यापासून पाड्यावर टॉवर बंद आहे, आणि तुझा जुना नंबर तर तू घर सोडलंस तेव्हापासून लागतच नाही. चंदू म्हणाला, तू मोखाड्यात बाजाराच्या मागे मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात असतोस. म्हणून त्याच्याच जीपमधून हे पाठवतेय. तू लिहीपर्यंत तो थांबेल. याच कागदाच्या मागे लिहिलंस तरी चालेल. तू त्याच्याबरोबर जीपमध्येच बसलास तर काही लिहूच नको.

काल दुपारी ठाण्याहून आलेलं एक जोडपं, सौरभ आणि प्रांजल, धबधबा बघून खालच्या घळीत उतरलं. नवीन लग्न झालेली पोरं आहेत. इथे लख्ख ऊन होतं, वर कुठेतरी पाऊस झाला असणार. बा कड्यावर बैल चारत होता. पाण्याचा रंग बदलला, फेस आणि पालापाचोळा वाहत आला, तसा तो ओरडत खाली पळाला. सौरभ आपल्या बाजूच्या काठाला होता, तो वर चढला. पोरगी पलीकडच्या खडकावर फोटोसाठी बसली होती. तिला काही ऐकूच गेलं नाही. बा तसाच पाण्यात शिरला. तेव्हा पाणी मांडीपर्यंत होतं. त्यानं तिला वरच्या कपारीवर ढकललं, पण स्वतः चढताना त्याचा पाय दोन धोंड्यांमध्ये अडकला आणि तो आडवा पडला. मग त्या पोरीनंच त्याला काखेत धरून वर ओढलं. सौरभ हे सगळं बघत होता. तो धावत पाड्यावर आला आणि आम्ही खाली पोचलो, तोवर मधला सगळा खडक पाण्याखाली गेला होता.

कपार तुला माहीत आहे. पुढे आलेल्या कड्याखालची, आग्या मोहळं लागतात तिथली. वरून दोर सोडला की तो हवेतच लटकतो. आणि कड्याची माती सुटतेय. पाड्यावरचा पोश्या काल वर गेला होता, त्याच्या पायाखालून सुटलेला दगड बाच्या अगदी शेजारी आपटला. मग आम्ही त्याला खाली बोलावलं.

पोलीस येऊन गेले. बचाव पथक निघालंय म्हणतात, पण ते येतात त्या वाटेवर दरड पडलीय, चंदूची वाट तेवढी मोकळी आहे. कधी पोचेल ते त्यांनाही सांगता येत नाही.

दादा, मला एवढंच सांग. रात्रभर ओल्या कपड्यात बसलेला म्हातारा माणूस किती तग धरतो? बा काल थरथरत होता, इथून दिसत होतं. आज थरथर थांबलीय. हे चांगलं की वाईट? इथे सगळे म्हणतात, मोहाची बाटली पलीकडे फेकू, घोटभर पोटात गेली की ऊब येईल. फेकायची का? मोडका पाय सरळ करायला सांगायचा का? सौरभ सारखा पाण्यात उडी मारायला धावतो, दोघांनी त्याला धरून ठेवलंय. पाणी ओसरायला लागलंय हे कशावरून ओळखायचं? बचावाच्या शिबिरात तुला हे सगळं शिकवलेलं आहे. इथे दुसऱ्या कुणालाच नाही.

बा तुझं नाव घेत होता. आई म्हणते, त्याला लिही, मी बोलावलंय.

कविता


मंगळवार, दुपार टळल्यावर

दादा,

चंदूनं कागद हातात दिला. मी आधी मागची बाजू वाचली, मग पुढची, मग पुन्हा मागची. कुठेच ‘येतो’ लिहिलेलं नाही.

तुझ्या कागदात सगळं आहे. त्यांना पाण्यापासून मागे, खडकाच्या आत सरकू दे. ओले कपडे पिळून घालू दे, कपड्यांच्या आत वाळलेलं गवत भरू दे, वरून प्लास्टिक गुंडाळू दे. दोघांनी चिकटून बसायचं. अंग चोळायचं नाही. दारू तर अजिबात नाही, तिनं ऊब आल्यासारखी वाटते आणि अंगातली उष्णता निघून जाते. थरथर थांबली असेल तर ते वाईट आहे. माणूस शुद्धीत असेल, नीट गिळत असेल, तरच गुळाचं पाणी. पाय आहे तसाच काठीला बांधायचा, ओढायचा नाही. काठावर खुणेचा दगड ठेवून त्याच्यावर नजर ठेवायची. आणि शेवटी, ‘मी दोराला हात लावत नाही. लिहितो तेवढं करा.’

एवढं सगळं लिहिलंस, पण बा बोलतोय का, एवढंही विचारलं नाहीस.

चंदू म्हणाला, दुकानात तू कागद वाचलास आणि हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली पडला, तो उचललासुद्धा नाहीस. योगितावहिनी आतून आली आणि चंदूला हळूच म्हणाली, “हे रोज फोनवर पाण्यातून माणसं कशी काढतात तेच बघत बसतात. ताट पुढे असतं, जेवण गार होतं.” वहिनीला मी अजून पाहिलेलं नाही. तिला सांग, तिचं बोलणं माझ्यापर्यंत पोचलं.

तू लिहिलंस ते केलं. पोश्यानं गलोलीनं मासे धरायची बारीक तंगूस पलीकडे मारली. पहिल्यांदा ती पाण्यात पडली, नंतर त्या पोरीच्या हाताला लागली. तंगुशीला सुतळी, सुतळीला दोरी बांधून खताच्या रिकाम्या पिशव्या, गवत, गूळ, भाकरी, काठी आणि तू लिहिलेलं उतरवलेली चिठ्ठी पाठवली. सौरभनं स्वतःचा शर्ट काढून त्यात घातला. पलीकडे प्रांजलनं पिशवी कापून बाच्या गळ्यात अडकवली, त्याच्या बंडीत गवत कोंबलं. लांबून तो बुजगावण्यासारखा दिसत होता. आई हसायला लागली आणि मग तिला ते थांबवताच येईना.

थोड्या वेळानं बा पुन्हा थरथरायला लागला. तुझा कागद वाचला नसता तर मी घाबरले असते. सगळे माझ्याकडे बघत होते, मी म्हटलं, चांगलं आहे हे.

पण आता पाड्यावरचे थांबत नाहीत. पोश्या लंगोट नेसून तयार आहे. म्हणतो, “माझ्या कमरेला बांधा, मी जातंय. तुम्ही एवढे जण हाव ना धरायला.” सगळे हो म्हणाले. दोर आणला. तर आई त्या दोराच्या वेटोळ्यावर जाऊन बसली. कुणी उठवलं तरी उठेना. म्हणाली, “माझा बुधा असाच गेला. आता दुसऱ्या कुणाचा पोर या दोराला नाय बांधायचा.”

बुधाचं नाव घरात कुणी काढत नाही. आज तिनं काढलं.

मला काही कळत नाही, दादा. आपला धाकटा भाऊ गेला तेव्हा तो असाच कमरेला दोर बांधून एका पर्यटकाला आणायला उतरला होता. दोर तुझ्या हातात होता, आणि तू सोडला नाहीस. तरी तो गेला. मग दोर बांधला नसता तर काय झालं असतं? मला तुला दुखवायचं नाही. पण पोश्याला सोडायचं की नाही, हे मला आजच ठरवायचंय. तुझ्याशिवाय कुणाला विचारू? चंदू पुन्हा येतोय, त्याच्या गाडीला आज दुसरं भाडंच नाही.

आणि एक. बा तुझं नाव घेत होता असं मी सकाळी लिहिलं, ते खोटं आहे. नदीचा आवाज एवढा आहे की पलीकडचं काहीच ऐकू येत नाही. तो तोंड हलवतो ते दिसतं फक्त. तू यावंस म्हणून लिहिलं. खरं काय ते मला माहीत नाही.

कविता


बुधवार, सकाळ

दादा,

घाईत लिहितेय.

चंदूनं तुझा दुसरा कागद दिला. ‘कमरेला नाही. कुणाच्याच नाही. बुधा पाण्यानं नाही गेला, दोरानं गेला. वाहत्या पाण्यात बांधलेला माणूस अडवून धरला की पाणी त्याला खाली दाबतं. मी सोडला असता तर तो वाहत वळणाला लागला असता.’ या ओळी मी कुणाला वाचून दाखवल्या नाहीत. फक्त ‘कमरेला नाही’ एवढंच सांगितलं. पोश्यानं कपडे घातले.

मग तू काढलेलं चित्र सगळ्यांना दाखवलं. दोर नदीला सरळ आडवा नको, तिरका. त्यांच्याकडचं टोक वरच्या अंगाला, आपल्याकडचं खालच्या अंगाला, म्हणजे पाणीच माणसाला आपल्या काठाकडे ढकलील. दोरावर सरकणारी टायरची ट्यूब. तिला दोन्ही काठांवरून एकेक दोरी, नेण्या-आणण्यासाठी. ट्यूब नुसती हातांनी धरायची, कुणाला बांधायचं नाही, हाताला दोरी गुंडाळायची नाही. आणि खाली वळणावर, जिथे पाणी मंद होऊन फिरतं, तिथे माणसं उभी करायची, काही चुकलं तर.

चंदूनं स्टेपनीतली ट्यूब काढून दिली. दोर पलीकडे गेलाय, सोबत तुझ्या चित्राची नक्कल. प्रांजलनं तो खडकाच्या सुळक्याला बांधलाय, बानं बसल्या जागेवरून गाठ दाखवली असावी. मला ती गाठ इथून दिसत नाही.

पाणी खुणेच्या दगडाखाली गेलंय. पण डोंगराकडे ढग काळे आहेत. पथक अजून आलेलं नाही. थांबलं तर पाणी पुन्हा चढेल. नाही थांबलं आणि काही झालं तर ते माझ्यामुळे. तू लिहिलंस, ‘पाणी गढूळ आहे तोवर कुणी उतरू नका.’ ते अजून गढूळच आहे. पण दोर बांधून झाल्यापासून बा मान वर करत नाही. ती पोरगी त्याला सारखी हलवते, गालावर मारते, आणि आमच्याकडे बघून दोन्ही हात वर करते. काय करू, असं विचारत असावी. मीही तेच तुला विचारतेय.

तुझ्या उत्तराची वाट बघता येणार नाही. चंदू हे पत्र घेऊन निघेल आणि आम्ही सुरू करू.

सगळे म्हणतात, ट्यूबची आपल्या काठावरची दोरी मी धरायची. कारण कागद मी वाचलाय.

दादा, माझे हात तुझ्यासारखे नाहीत.

क.


जव्हार, दवाखाना
गुरुवार, २५ सप्टेंबर

दादा,

बा जिवंत आहे. हे आधी लिहिते. चंदूनं काल संध्याकाळी तुला सांगितलंच असेल, पण काय झालं ते त्याला माहीत नाही, तो तेव्हा तुझ्याकडेच होता. ते मी सांगायला हवं.

प्रांजल आधी आली. ट्यूब पोचली तसा बा भानावर आला; ती त्याला आधी पाठवायला बघत होती, तो तिच्यावर हात उगारत होता. शेवटी ती ट्यूबला लटकली. अगदी तुझ्या चित्रासारखं झालं, पाण्यानं तिला आमच्या बाजूला ढकललं, आम्ही ओढलं. काठाला लागल्यावर तिची बोटं ट्यूबवरून सुटेनात, एकेक उघडावी लागली. सौरभनं तिला धरलं तर ती म्हणाली, “मला नको, बाबांची दोरी बघा.”

रिकामी ट्यूब बानं ओढून घेतली. कशी ओढली असेल, देव जाणे. तो बसल्या बसल्या कपारीच्या कडेला सरकला, मोडका पाय काठीसकट दोन्ही हातांनी उचलून पाण्यात सोडला आणि ट्यूबमध्ये हात घातले. तेवढ्यात वरून पावसाची सर आली आणि पलीकडचं काही दिसेना.

तो मधोमध आला आणि सुळक्यावरची गाठ सुटली. मोठा दोर एकदम सैल झाला, पाण्यात बुडाला. आता ट्यूब फक्त माझ्या हातातल्या दोरीवर होती. दोरी अशी ताणली की माझे पाय चिखलातून घसरत पाण्यापर्यंत गेले. आणि बानं ती दोरी मनगटाला गुंडाळली होती. पोरीनं त्याला सांगितलं होतं म्हणे, गुंडाळू नका. म्हातारा, कुणाचं ऐकतो?

मी धरून ठेवलं तसं पाणी त्याच्या पाठीवर चढलं. तो खाली गेला. डोकं दिसेना. काठावरचे सगळे ओरडत होते, “धर! कवे, धर! सोडू नको!” पोश्याचा भाऊ माझ्या मागे येऊन दोरीला लागला. आई तेवढी गप्प होती.

बाचं डोकं एकदा वर आलं. तोंडात पाणी होतं. तो काय म्हणाला ते पहिल्यांदा कळलं नाही. दुसऱ्यांदा वर आला तेव्हा काठाच्या जवळ होता, ऐकू आलं. म्हणाला, “सोड!”

मी सोडली. मागच्या माणसाच्या हाताला चावले, तेव्हा त्यानंही सोडली.

ट्यूब आणि बा दोघेही घळीच्या वळणाआड गेले. त्या वेळी काय वाटलं ते मला लिहिता येत नाही. आई माझ्याकडे बघत होती, आणि मला वाटलं, आता मलाही घराबाहेर काढतील.

मग खालून पोश्याची आरोळी आली.

दोरी सुटल्यावर मनगटाचा वेढा आपोआप उलगडला असणार. फिरत्या पाण्यानं ट्यूब काठाकडे आणली आणि पोश्यानं गुडघाभर पाण्यात उभं राहून बाला बंडीला धरून ओढलं. बंडीतलं गवत सगळं फुगून बाहेर आलं होतं. बा ओकला, मग त्यानं पोश्याला शिवी दिली. ती ऐकून आई खाली बसली.

पथक तासाभरात आलं. त्यांच्यामुळे बाला घळीतून वर नेता आलं, नाहीतर तेवढं आमच्यानं झालंच नसतं. त्यांच्या साहेबांनी तुझा कागद मागून घेतला, नीट वाचला, आणि हे कुणी लिहिलंय म्हणून विचारलं. मी म्हटलं, माझ्या भावानं.

बाच्या मांडीचं हाड मोडलंय. छातीत पाणी गेलंय, ताप आहे. डॉक्टर म्हणतात, आणखी दोन दिवस काही सांगता येत नाही. ऑक्सिजनची नळी लावलीय, तो ती काढून टाकतो.

आता जे लिहायचंय ते लिहू की नको, यावर सकाळपासून थांबलेय. बा वाचला, कारण मी दोरी सोडली. हे वाचून तू काय जोडशील ते मला माहीत आहे. तुझ्या कागदावरच्या त्या ओळी मी विसरलेली नाही. पण एक गोष्ट बघ, दादा. मला ‘सोड’ म्हणणारा कुणीतरी होता, आणि तो पाण्यातला माणूसच होता. तुला कुणीच म्हणालं नाही. बुधाच्या वेळी आम्ही सगळे काठावर उभे राहून ‘धर, धर’ ओरडत होतो. सगळ्यांत मोठा आवाज बाचा होता. आणि घरी आल्यावर त्यानंच तुला सांगितलं, या हातांनी माझा पोर बुडवलास, पुन्हा दारात येऊ नको.

बाला हे आठवतं की नाही, मला माहीत नाही. काल तो ‘सोड’ म्हणाला तेव्हा त्याच्या मनात काय होतं तेही माहीत नाही. मी विचारणार नाही. कदाचित नुसता जीव घाबरला असेल. पण तो म्हणाला. ते मी ऐकलं. तू ऐकायला हवं होतंस.

प्रांजल आणि सौरभ शेजारच्या वॉर्डात आहेत. ती मघाशी येऊन बाच्या उशाशी बसली होती. तिला म्हटलं, कपारीत बसून काय बोलत होतात एवढं? म्हणाली, “बाबा काहीच बोलत नव्हते हो, दात वाजायचे त्यांचे. मला झोप लागू देत नव्हते फक्त. डोळे मिटले की चिमटा काढायचे.” तिच्या दंडावर काळे-निळे डाग पडलेत.

तू येणार नाहीस, हे मी आता धरून चाललेय. तुझ्यावर राग नाही. पत्र लिहायला बसले की तू समोर बसल्यासारखं वाटतं, म्हणून लिहितेय. वहिनीला घेऊन कधी नदीपर्यंत आलास तरी पुरे. घरी नाही आलास तरी चालेल.

कविता


शुक्रवार

दादा,

ही चिठ्ठी चंदूच्या हातात देऊन खाली पाठवतेय. वॉर्डाच्या खिडकीतून चहाची टपरी दिसते. तू सकाळपासून तिथल्या बाकावर बसला आहेस आणि तुझ्या शेजारची निळ्या साडीतली बाई वहिनी असणार. तुमचा दुसरा चहासुद्धा गार झाला. आईनंही तुला पाहिलंय. ती तोंडावर पदर घेऊन भिंतीकडे वळलीय, पण रडत नाही.

वर ये. डावीकडचा वॉर्ड, दारापासून शेवटची खाट. शिपाई अडवील, त्याला बाचं नाव सांग, जिव्याचा मुलगा म्हण.

बाचा ताप उतरलेला नाही. डॉक्टर सकाळी आले तेव्हा नुसतं कागदावर लिहून गेले. तेव्हा उद्यावर टाकू नको.

मी बाला सांगितलं, दादा आलाय, खाली बसलाय. तो माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं, त्याला कळलंच नाही, म्हणून पुन्हा सांगितलं. मोडक्या पायाला वजन बांधलंय, तो हलत नाही. त्यानं चांगला पाय हळूहळू ओढून घेतला, आणि खाटेच्या कडेला एक माणूस बसेल एवढी जागा केली.

कवी